पहिली खाट

मागच्या गॅलरीतल्या धुलाईयंत्राने काम संपल्याची धून वाजवायला सुरुवात केली, तशी ह्ये-रिम पेन्सिल तोंडात धरूनच उठली आणि अनवाणी धावली. धून चांगली लांबलचक होती. कपडे धुऊन झाल्याचा एवढा आनंद कुणाला का व्हावा, हे तिला कधी कळलं नव्हतं. तिसऱ्या सुराला बटण दाबलं तर इसुल उठत नाही, पाचव्याला दाबलं तर उठते, एवढं मात्र अनुभवाने ठाऊक होतं. चौथ्याला काय होतं, याच्या पुरेशा नोंदी तिच्याकडे नव्हत्या.

आज तिसऱ्यालाच हात पोचला. ती तिथेच कान देऊन उभी राहिली. आत, उबदार जमिनीवर अंथरलेल्या गादीवर, पाच वर्षांच्या पोरीने कूस बदलली, काहीतरी चघळल्यासारखे ओठ हलवले, आणि तिचा श्वास पुन्हा लांब झाला.

शनिवारची दुपार होती. नवरा उल्सानला, जहाजांच्या कारखान्यात. पुढच्या शनिवारी यायचा. तासभर तरी हाती होता. ओले कपडे राहू देत यंत्रातच, असं म्हणून ती टेबलाशी परतली.

टेबलावर मुलींच्या जुन्या वसतिगृहाची यादी होती. तीनशे खोल्या, दर खोलीत चार खाटा, बाराशे नावं. सोमवारी दहा वाजता विद्यापीठाची समिती बसणार होती, आणि तिच्यापुढे ह्ये-रिमचा अहवाल असणार होता. शंभर मुली कशा निवडल्या त्याचं एक पान तेवढं जोडायचं राहिलं होतं. “नुसती रीत आहे, मॅडम,” कचेरीतला सहायक म्हणाला होता. काम अर्ध्या तासाचं. शुक्रवारीच झालं असतं. पण शुक्रवारी तास संपल्यावर दा-उल थांबली होती.

दा-उल पहिल्या वर्षाची. वर्गात मागे बसणारी, वहीत आकडे सुबक काढणारी. मे महिन्यात वसतिगृहाच्या फलकावर तिनेच कागद लावला होता: जुन्या वसतिगृहात लहान मुलींना मोठ्या ताईंचे कपडे धुवावे लागतात, ताई झोपल्याशिवाय आडवं होता येत नाही, उलट बोललं तर गच्चीवर उभं करतात. खाली नाव होतं. अशा कागदाखाली नाव लिहिणारी पोर एक तर भोळी असते, नाहीतर फार धीट. विद्यापीठाने मग रीतसर पाहणी ठरवली. एकीकडे जुनं वसतिगृह, चार खाटांचं, चारी वर्षांच्या मुली एकत्र; दुसरीकडे नवं, दोन खाटांचं, एकाच वर्षाच्या मुलींचं. दोन्हीकडे तीच प्रश्नावली. काम ह्ये-रिमकडे आलं, कारण संख्याशास्त्राच्या विभागात वर्षावर्षाच्या बोलीवर नेमलेली तीच होती, आणि अशा माणसाला कामाला नाही म्हणता येत नाही. दोन्हीकडच्या त्रासात फरक नाही असं आधी गृहीत धरायचं, आणि आकडे ते गृहीत खोटं पाडतात का ते बघायचं. त्याला शून्य गृहीतक म्हणतात. आकड्यांनी ते पाडलं नाही. फरक दिसला नाही. मग दा-उलचा कागद खोटा ठरला, आणि वसतिगृहाची बदनामी केल्याबद्दल तिला तिथे राहू द्यायचं की नाही, हे सोमवारी ठरायचं होतं. तिचं घर दूरच्या बेटावर. खाट गेली की कॉलेज गेलं.

“मॅडम, एक विचारू? परीक्षेतलं नाही,” ती शुक्रवारी म्हणाली होती.

“विचार की.”

“तुमच्या पाहणीचा लिफाफा आमच्या खोलीत सगळ्यांत मोठ्या ताईंना आला. फक्त ताईंना.”

“बारा जणींतून एकीला पाठवलाय, दा-उल. तीन खोल्या मिळून एक. तुमच्या खोलीत आला हेच नवल.”

“हो, ते तुम्ही वर्गात सांगितलंत. म्हणून मी विचारत फिरले. एकोणीस खोल्या सापडल्या लिफाफा आलेल्या. एकोणीसही खोल्यांत ताईंनाच आला.”

ह्ये-रिम हसली होती. “एकोणीस म्हणजे नमुना लहानच झाला.”

दा-उल हसली नव्हती. “चौघींतून दर वेळी तीच निघायची शक्यता किती, ते मी काढून बघितलं. कॅल्क्युलेटर शून्य दाखवतो, मॅडम.”

ह्ये-रिमने खडूची बोटं रुमालाला पुसली होती. मग एकेक बोट पुन्हा पुसलं होतं.

“यादी बघते मी. बघून सांगते तुला.”

“सोमवारच्या आधी?”

“सोमवारच्या आधी.”

आता ती यादीवर पट्टी ठेवून खाली सरकत होती. पाचवं नाव. सतरावं. एकोणतिसावं. दर बाराव्या नावापुढे तिचीच पेन्सिलीची टिंबं, जूनमध्ये केलेली. तेव्हा ती फक्त मोजत होती. आज पहिल्यांदा ती वाचू लागली.

कचेरीने यादी खोलीवार केलेली होती. खोलीत नावं होती प्रवेशक्रमांकाने, आणि क्रमांकाचे पहिले दोन आकडे प्रवेशाच्या वर्षाचे. म्हणजे दर खोलीत सगळ्यांत जुनी मुलगी वर, सगळ्यांत नवी खाली. खाटाही तशाच. पहिली खिडकीजवळची, ती मोठ्या ताईंची, तिला सगळा मजला खोलीप्रमुख म्हणायचा. चौथी दाराशी, गार वाऱ्याच्या तोंडाशी, ती नव्या पोरीची. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. बूट उंबऱ्याशी काढावेत, हे तरी कुठे लिहिलेलं असतं.

खोलीत चार खाटा, आणि तिने घेतलेलं अंतर बाराचं. तीन खोल्या ओलांडून पट्टी नेमकी पुढच्या खोलीच्या त्याच खाटेवर पडत होती. पाच म्हणजे दुसऱ्या खोलीची पहिली खाट. सतरा म्हणजे पाचव्या खोलीची पहिली खाट. खाटांसाठी दर वर्षी रांग लागते, त्यामुळे एकही रिकामी नव्हती. एखादी जरी रिकामी असती, तर पुढचा सगळा क्रम त्या खाटेवरून घसरला असता. ती शेवटच्या पानापर्यंत गेली. शंभर टिंबं. शंभर पहिल्या खाटा.

तिने तोंडातली पेन्सिल काढली. लाकडावर दातांचे व्रण उठले होते.

सुरुवात कुठून करायची ते तिने किती इमानाने ठरवलं होतं! एक ते बारा आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या, इसुलच्या लोकरीच्या टोपीत घातल्या, आणि पोरीला म्हटलं, काढ एक. पाच आला तेव्हा इसुल टाळ्या पिटत घरभर नाचली होती, “माझा नंबर, माझा नंबर!” आता तिला वाटलं, आठ आला असता तर शंभर लिफाफे दाराशेजारच्या खाटेवरच्या पोरींना गेले असते, आणि निकाल उलटा लागला असता, पण तोही अर्धाच. टोपीतल्या बारा चिठ्ठ्यांत बरोबर चिठ्ठी एकही नव्हती.

प्रश्नावलीत सुरुवातीला ‘तुम्ही कितव्या वर्षाला आहात’ असा प्रश्न होता. विद्यार्थी कल्याण विभागाचे प्रमुख प्राध्यापक क्वोन यांनी तो काढायला लावला. ते तिला आडनावानेच हाक मारत. “मुली ओळखू येतील, नाम मॅडम. विश्वासाचा प्रश्न आहे.” तिला ते पटलंही होतं. तो प्रश्न राहिला असता तर पहिल्याच तक्त्यात सगळं उघडं पडलं असतं. शंभरातून अठ्ठ्याण्णव उत्तरं परत आली तेव्हा क्वोन सरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं. एवढा प्रतिसाद उभ्या आयुष्यात पाहिला नाही म्हणाले. बरोबरच होतं. पहिल्या खाटेवर बसून प्रश्नावली भरायला त्रास कसला?

पण यादी आधी वाचून बघावी, हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही कळतं. ती वर्गात घसा कोरडा करून सांगायची: निवडण्याआधी यादी कशी लावलीय ते बघा. मग तिने का नाही बघितलं?

ती यादीच्या मधल्या पानावर आली. तिसऱ्या मजल्यावरची खोली तीनशे बारा. शिकत असताना ती राहायची ती हीच. शेवटच्या वर्षाला खिडकीजवळची खाट तिची होती, आणि चौथ्या खाटेवर मा यू-रा नावाची बारकुडी पोर होती. गुणी पोर. न सांगता ताईचे मोजे धुवायची, स्वेटर घडी करून ठेवायची. ह्ये-रिमनेही तिला काही कमी केलं नव्हतं. आपला जुना कोट दिला होता, वाढदिवसाला रिवाजाप्रमाणे सागरी शेवाळाचं सूप पाजलं होतं. घरच्यासारखं होतं सगळं. त्या वर्षी ह्ये-रिम पुढच्या प्रवेशपरीक्षेसाठी पहाटेपर्यंत वाचत बसायची. मान वळवून बघावं तर दाराशी यू-रा भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर पुस्तक उघडं. आईला फोनवर तिने किती कौतुकाने सांगितलं होतं: आमच्याकडे एक पोर आहे ना, इतकी अभ्यासू, इतकी अभ्यासू, की मी दिवा मालवेपर्यंत आडवी म्हणून होत नाही.

ह्ये-रिमने पट्टी हळूच उचलून बाजूला ठेवली. तळहाताने पान सपाट केलं. ते सपाटच होतं.

यू-रा दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडून गेली. का, ते कुणी विचारलं नाही. तेव्हा कुणी ह्ये-रिमला प्रश्नावली दिली असती, ‘तुमच्या खोलीत कुणाला त्रास होतो का,’ तर तिने ‘मुळीच नाही’वर गोल केला असता. आणि यंदा तशीच अठ्ठ्याण्णव उत्तरं आली, तेव्हा तिला मनातून वाटलं होतं, बघा, मला माहीतच होतं.

“आई, मला रताळं.”

इसुल दारात उभी होती. केसांची एक बाजू सपाट, गालावर उशीची रेघ.

“ये गं माझ्या बाई.” तिने पोरीला कडेवर घेतलं, तिच्या गरम मानेत नाक खुपसलं, आणि बराच वेळ तशीच राहिली.

“आई, तू मला चेपतेस.”

रताळं भाजायला ठेवून तिने क्वोन सरांना फोन लावला. हे तिच्या प्रबंधाचेही मार्गदर्शक. त्यांच्या आईच्या दवाखान्याच्या वेळा तिने घेतल्या होत्या, त्यांच्या मुलाच्या लग्नात आहेराच्या टेबलाशी सकाळपासून उभी राहिली होती. शनिवारी ते डोंगर चढायला जात. फोनवर वाऱ्याचा फडफडाट आणि काठीची टकटक ऐकू येत होती.

“बोला, नाम मॅडम! काय आभाळ आहे इथे, सांगतो तुम्हाला. लेकीला घेऊन या कधीतरी.”

तिने सांगितलं. लांबड न लावता. चार खाटा, बाराचं अंतर, शंभरच्या शंभर मोठ्या मुली. पलीकडची टकटक थांबली.

“आणखी कुणाला माहीत आहे?”

“त्या मुलीला. दा-उलला. तिनेच दाखवून दिलं.”

“वा. चांगलं शिकवता तुम्ही.” ते हसले. “हे बघा. आपण अहवालात काय म्हटलंय? फरक सिद्ध झाला नाही. फरक नाही, असं कुठे म्हटलंय? तुम्हीच शिकवता की पोरांना.”

“समितीने तसंच वाचलंय, सर. फरक नाही, म्हणजे पोरगी खोटं बोलली.”

“आता समितीने काय वाचावं ते पण तुम्ही-मी ठरवायचं का?”

“सर, मला दोन आठवडे द्या. नव्याने निवड करते. चारी खाटांवरून पंचवीस-पंचवीस. पैसे नकोत मला.”

“आणि तोवर अध्यक्षांना काय सांगू? आमच्या बाईंना चारचा पाढा येत नाही म्हणून?” काठी पुन्हा वाजू लागली. “तुम्ही पण त्याच वसतिगृहातल्या ना? मग? मेलात का? उलट माणसात आलात. आजकालच्या पोरांना जरा कुणी हूं म्हटलं की अत्याचार.”

ह्ये-रिमने रताळं उलटलं. साल तडकून आतला गर बाहेर आला होता.

“बुधवारी पुढच्या वर्षाच्या नेमणुका वर जातात,” क्वोन सर मायेनेच म्हणाले. “तुमचं नाव मी स्वतः लिहिलंय. लेकरू लहान आहे, नवरा दूर. मला काय कळत नाही? अहवालात मर्यादा म्हणून भाग असतो ना, त्यात दोन ओळी घाला. नीट, शास्त्रीय. संख्याशास्त्र असतं कशाला? कुणाचं मन न दुखवता खरं बोलायला.”

“आई, फुंकर मार,” इसुल म्हणाली. ह्ये-रिमने फुंकर मारली.

संध्याकाळी पोर चित्रं रंगवत बसली तेव्हा तिने अहवालाचं चौदावं, मर्यादांचं पान उघडलं आणि लिहिलं: ‘या पाहणीत खोलीतल्या सर्वांत मोठ्या मुलींनाच विचारलं गेलं. लहान मुलींपैकी एकीलाही विचारलेलं नाही. ही चूक माझी आहे. हा निष्कर्ष धरू नये.’ वाचून बघितलं. इतकं सरळ होतं, की इसुलला वाचता येत असतं तर तिलाही कळलं असतं.

तो कागद छापून, चार घड्या घालून तिने पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला. मग अहवालातल्या त्या ओळी एकेक करून खोडल्या आणि त्यांच्या जागी लिहिलं: ‘निवडीचं अंतर व यादीची अंतर्गत रचना यांत आवर्ती संबंध असल्याची शक्यता लक्षात घेता, प्रस्तुत निष्कर्षांचं सामान्यीकरण करताना सावधगिरी बाळगणं इष्ट ठरेल.’ यात खोटं काहीच नव्हतं. कुठला शब्द कुणाला दाखवला असता तरी तो खराच निघाला असता. कागद जवळ आहे, समितीत सरळ वाचून दाखवू, असं तिने स्वतःला बजावलं. झोपेपर्यंत तीनदा बजावलं.

रविवारी दा-उलला पाठवायला म्हणून तिने फोनवर लिहिलं, ‘यादी बघितली.’ पुढे काय लिहावं ते सुचेना. पुसलं. दुपारी पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

सोमवारी समितीच्या खोलीबाहेर बाकावर दा-उल बसली होती, गुडघ्यांवर हात, पाठ ताठ. ह्ये-रिमला बघून ती उठली, वाकली, आणि सरळ झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर नजर ठेवून उभी राहिली.

“थंडी आहे,” ह्ये-रिम म्हणाली. “स्वेटर नाही का आणलास?”

“आहे, मॅडम.”

आत मानाप्रमाणे खुर्च्या होत्या. अध्यक्ष खिडकीशी, मग क्वोन सर, मग विधी विभागाचे एक गृहस्थ, मग वसतिगृहाच्या अधीक्षक बाई. ह्ये-रिमची खुर्ची दाराशी. पिशवी तिने मांडीवर घेतली. बार्लीच्या चहाची किटली कुणीतरी तिच्याच हाताशी आणून ठेवली होती, म्हणून तिने उठून सगळ्यांचे पेले भरले, मोठ्यांपासून खाली.

दा-उलला आत बोलावलं. पाच मिनिटं बोलू दिलं. मे महिन्यात फलकावर लिहिलं होतं तेच ती बोलली, त्याच क्रमाने, आवाज न चढवता. तुझ्या खोलीतल्या कुणाची साक्ष आहे का, असं विचारलं. “त्यांना पुढे तिथेच राहायचंय, सर,” ती म्हणाली. विधीवाल्या गृहस्थांनी ते लिहून घेतलं नाही. आणखी काही? ती अडखळली. तिची नजर टेबलावरून सरकत दाराशेजारच्या खुर्चीपर्यंत आली. “निवडीबद्दल नाम मॅडम सांगतील,” ती म्हणाली आणि बाहेर गेली.

अध्यक्षांनी अहवाल उघडला. “हे आलेख फार देखणे आहेत. शंभर मुलींना विचारलंत?”

“अठ्ठ्याण्णव उत्तरं आली,” क्वोन सर म्हणाले.

“आणि तक्रार?”

“नाही म्हणण्यासारखीच.”

“म्हणजे ही एकटीच.”

“एकटीच.”

“आमच्या घरी पण असंच,” अधीक्षक बाई म्हणाल्या. “तीन सुनांना काही नाही, एकीलाच खुपतं.” दोघे-तिघे हसले.

“मग ती निवडीचं काय म्हणाली?” अध्यक्षांनी चष्म्यावरून बघत विचारलं. “काही आहे का तसं?”

क्वोन सर वळले. चेहरा अगदी मोकळा, एखाद्या हुशार विद्यार्थिनीला पुढे करावं तसा. “नाम मॅडम?”

ह्ये-रिम उभी राहिली. पिशवीच्या आतल्या कप्प्याची चेन बोटाला लागत होती. खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते, आणि कुणाच्याही बघण्यात काही वाईट नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं तिने उत्तर द्यायचं होतं, एवढंच. तिच्या घशाशी ‘चार खाटा’ हे शब्द आले, अगदी जिभेवर आले.

“मर्यादा पान चौदावर दिल्या आहेत,” ती म्हणाली.

पानं उलटल्याचा आवाज झाला. अधीक्षक बाईंनी चष्मा लावला, ओठ हलवत ते वाक्य वाचलं, चष्मा काढला.

“सखोल आहे,” त्या म्हणाल्या.

“छान,” अध्यक्ष म्हणाले, आणि अहवाल मिटला.

निर्णय व्हायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. शुक्रवारपर्यंत खाट रिकामी करायची. कोवळं वय लक्षात घेऊन कॉलेजातून मात्र काढायचं नाही, असं सगळ्यांनी मोठ्या मनाने ठरवलं. ह्ये-रिम मागच्या जिन्याने खाली उतरली. त्या बाजूला बाक नव्हता.

बुधवारी नेमणुकांची यादी वर गेली. तिचं नाव होतं.

शुक्रवारी दुपारी तिने इसुलला बालवाडीतून घेतलं. आदल्या रात्री थोडं बर्फ पडून गेलं होतं आणि पदपथावर माती शिंपडली होती. इसुल फक्त मातीवरूनच चालायचं अशा खेळात होती, म्हणून थांब्यावर कोण उभं आहे ते ह्ये-रिमला उशिराच दिसलं. एक मोठी पेटी, दोरीने बांधलेली गादी, आणि शेजारी दा-उल. मागे फिरायला जागा होती. पण इसुल हात सोडून पुढे गेलेली.

“मॅडम.” दा-उल वाकली.

इसुलने बालवाडीत शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात पोटावर ठेवले आणि तीही कमरेत वाकली. दा-उलने तिला उलट तसाच नमस्कार केला, आणि पहिल्यांदा हसली.

“तू कुठे चाललीस?” इसुलने विचारलं.

“घरी. आधी बसने, मग बोटीने.”

“बोटीत झोपता येतं?”

“येतं ना. खाली मोठी खोली असते, उबदार. सगळे आडवे होतात. कुणीही, केव्हाही.”

इसुलला ते फार आवडलं. ह्ये-रिम गादीवरची दोरी बघत होती. गाठ दुहेरी मारलेली होती, नेटकी.

“यादी बघितलीत, मॅडम?” दा-उलने विचारलं. वर्गात, मागच्या बाकावरून विचारावं तसं.

“बघितली.”

दा-उलने पेटीची मूठ धरली. रस्त्याच्या वळणावर बस दिसू लागली.

“पुढच्या वर्षी पुन्हा पाहणी आहे,” ह्ये-रिम म्हणाली. “तेव्हा नीट निवडणार आहोत. चारी खाटांवरून.”

“मी नसेन,” दा-उल म्हणाली. रागाने नाही, यादी करणाऱ्याला माहिती असावी, म्हणून सांगितल्यासारखं.

बस येऊन उभी राहिली. ह्ये-रिमने गादीला हात घातला, पण दा-उलने ती आधीच उचलली होती. पेटी चढवून, गादी चढवून ती पुन्हा खाली उतरली, पाय जुळवून उभी राहिली आणि खोल वाकली.

“माझ्यासाठी खूप त्रास घेतलात, मॅडम. थँक्यू.”

शिक्षकांचा निरोप घेताना असंच म्हणायचं असतं. सगळेच म्हणतात. ह्ये-रिमने तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला, डोळ्यांत, ओठांच्या कडांना. सापडला असता तर बरं झालं असतं.

दार मिटलं. बस मातीवरून सावकाश निघाली. इसुल दोन्ही हात हलवत राहिली. मागच्या काचेतूनही एक हात हलला. बस वळणाआड गेल्यावर पोरीने आईचा हातमोजा ओढला.

“आई, ती ताई तुला थँक्यू म्हणाली.”

“हो.”

“तू काय दिलंस तिला?”